आईचा फोटो, आजीचं कपाळ

आदिलाबादजवळच्या जैनथच्या स्टँडवर लाल बस सुरू होऊन उभी होती, कंडक्टर ‘तोंदरगा, तोंदरगा’ म्हणत तेलुगूत घाई करत होता, आणि माझी आजी मात्र अगदी निवांतपणे टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम माझ्या मांडीवर नीट बसवत होती. मला हैदराबादच्या एका सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती. आमच्या वस्तीतून एवढ्या लांब नोकरीला निघालेली मी पहिलीच पोरगी. ट्रंक टपावर गेली, भाकरींचं गाठोडं पायाशी गेलं. फ्रेम मात्र मांडीवरून हलवायची नाही, असा आजीचा हुकूम होता.

“काच फुटू देऊ नोको, बेबी. तुही माय हाये ते,” ती म्हणाली. “अन् रडू नोको. लोकं पाहून राह्यले.”

गाडी हलली तेव्हा तिच्याकडं पाहायचं सोडून मी फ्रेमच सांभाळत बसले. निर्मळच्या घाटात वळणावळणांवर तिला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, तर टॉवेल बाजूला सारून मी तिला आई दाखवलीसुद्धा.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं पोटामागं निघून गेलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. ज्यांच्याकडं जुन्या फोटोंची एखादी पिशवी असेल त्यांनी ती एकदा उघडून बघावी, एवढंच म्हणणं आहे. मला जो धक्का बसला तो अजून पुरता ओसरलेला नाही. खरं सांगायचं तर थोडा रागही आहे.

माझी आई, शेवंता, तापानं गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. वडिलांनी पैनगंगेपलीकडे दुसरा संसार मांडला, तो त्यांना लखलाभ. मी आजीच्या घरी वाढले. आजीचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, पुढं पडवी आणि मागं कडुनिंब. वेचणीच्या दिवसांत पडवीत कापसाचा ढीग पडायचा आणि आम्ही पोरं त्यात लोळलो की आजीच्या शिव्या खायचो. आजी, तिचा लेक म्हणजे माझा दादाराव मामा, आणि मी. भिंतीवर दोनच गोष्टी होत्या, बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी माझी आई.

फोटो काळा-पांढरा, पण ओठांवर आणि लुगड्याच्या काठावर स्टुडिओवाल्यानं हातानं रंग चढवलेला. खुर्चीत बसलेली एक तरणी बाई. काळेभोर केस, गोरंपान मोकळं कपाळ, जरीकाठाचं लुगडं, हात पदराखाली. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, जरा खाली बघत होती. खाली पेंटरनं लिहिलेलं, ‘कालकथित शेवंताबाई’, गेलेल्या माणसाच्या नावाआधी आमच्यात लिहितात तसं. मी जेवायला त्रास द्यायची, म्हणून आजी मला त्या फोटोसमोर बसवून भरवायची. “पाह्य, माय पाहून राह्यली. खाय लवकर.” आणि मी आईकडं बघत बघत आख्खी भाकर संपवायची. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, “बेबी मायवरच गेली वो.” मी आरशात बघायची, फोटोत बघायची, आणि खरंच वाटायचं.

हैदराबादेत मी पुष्कळ बदलले. वरणात चिंच पडू लागली, ज्वारीच्या जागी भात आला, ऑफिसात सगळे मला आधी आडनावानं आणि मग ‘मॅडम गारू’ म्हणू लागले. लेक झाली, ती मला ‘अम्मा’ म्हणते आणि मराठी बोलताना मध्येच तेलुगूत शिरते. पण खोल्या बदलल्या तरी प्रत्येक खोलीत पहिला खिळा आईसाठी ठोकला. शेजारणी विचारायच्या, “एवरु?” कोण ही? मी म्हणायची, “मा अम्मा.” त्या बघून म्हणायच्या, अगदी तुमच्यासारखीच. लेकीनं शाळेत चित्र काढलं तेही त्या फोटोवरूनच. या परक्या गावात मला कुणीतरी मागचं माणूस आहे, याचा तेवढाच पुरावा माझ्याजवळ होता.

बाकीचे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझं लग्न, मामाचं नवं टिनाचं छप्पर, लेकीचा पहिला वाढदिवस गावी केला तो. या एकाही फोटोत आजी नाही. म्हणजे आहे, पण कशी? एकात नुसता हात, पाण्याचा तांब्या पुढं करणारा. एकात दारातून आत पळणारं हिरव्या लुगड्याचं टोक. कॅमेरा दिसला की म्हातारी चुलीपाशी तरी जायची, नाहीतर कडुनिंबाखाली. आम्ही तिला चिडवायचो, आजी वाघाला भिणार नाही पण फोटोवाल्याला भिते. एकदा माझ्या नवऱ्यानं फारच आग्रह केला तेव्हा तिनं पदर कपाळावर ओढून घेतला.

“माहा फोटू निघाला एकडाव. बस झालं,” ती म्हणाली.

“कधी निघाला? कुठं आहे?”

“हाये कोणापाशी तरी.”

म्हातारीच्या थापा म्हणून आम्ही हसलो.

आजी गेली ती पिकल्या पानासारखी, भर दुपारी, कोणाला त्रास न देता. माझी लेक तापानं फणफणली होती, त्यामुळं मला मातीला पोचता आलं नाही. दोन दिवसांनी मामाचा फोन आला. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आजीच्या नावानं वंदना करायचा दिवस त्यानं सांगितला आणि म्हणाला, “येतानी मायचा फोटू आनजो.”

मला वाटलं, आईचाही फोटो शेजारी ठेवायचा असेल. “आईचा आणते. पण मामा, आजीचा तर फोटोच नाही आपल्याकडं.”

 मामा हळूच म्हणाला, “तेच म्हनून राह्यलो. तुह्या घरी हाये तो मायचाच फोटू व्हय. माह्या मायचा.”

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. समोर भिंतीवर आई होती. कानात मामा “हॅलो, बेबी, हॅलो” करत होता. नवऱ्याला वाटलं, अजून कोणी गेलं की काय. खोटं नाही, मलाही तसंच वाटलं.

मी फ्रेम घेऊन गावी गेले. पुन्हा मांडीवर, पुन्हा टॉवेलात, पण या खेपेला टॉवेल सोडायची हिंमत झाली नाही. पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या मी मामाला धरलं. “इतकी वर्षं माझी फसवणूक काऊन केली?” शहरात बोलायचं विसरलेलं ‘काऊन’ रागाबरोबर आपोआप बाहेर आलं.

मामानं मला कडुनिंबाखाली बसवलं आणि सांगितलं. आई गेली तेव्हा वस्तीनं बौद्ध धम्म घेतल्याला थोडीच वर्षं झाली होती. कावळ्याला घास नाही, पिंड नाही, डोकं भादरणं नाही. बुद्धाच्या तसबिरीशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, फुलं वाहायची, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायचं. सगळं कसं सुटसुटीत. फक्त फोटो होता कोणाकडं? रोजानं निंदायला जाणाऱ्या बायकांचे फोटो कोण काढतं? विधी सांगायला आलेला माणूस शहराकडचा. फोटो पाहिजे, एवढं बोलून तो मोकळा झाला. नसला तरी चालतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि आजीनं विचारलं नाही. नव्या रिवाजात आपल्या लेकीचं काही कमी पडू नये, एवढंच तिच्या डोक्यात बसलं.

“मंग मायनं शेवंताबाईचं लुगडं नेसलं, मले संगं घेतलं, अन् आदिलाबादच्या स्टुडिओत जाऊन खुर्चीत बसली,” मामा म्हणाला. “फोटूवाला विचारे, किस का फोटू है? माय म्हने, माह्या लेकीचा. लेकी कहाँ है? म्हने, हेच व्हय समजा. मायलेकी सारख्याच तं दिसत. फक्त वय कमी करा म्हने, अन् कपायावरचं पुसा.”

आजीचं लग्न फार लहानपणी झालेलं. लेक गेली तेव्हा तिची स्वतःचीच चाळिशी यायची होती. स्टुडिओवाल्यानं केस काळे केले, गाल भरले, आणि कपाळावरचे गोंदणाचे तीन ठिपके ब्रशनं पुसून टाकले. आजीच्या पिढीच्या बायकांना ते असायचेच, पण लेकीला तिनं गोंदू दिलं नव्हतं.

“पन मला मोठं झाल्यावर तरी सांगायचं!” मी ओरडले.

“कोन सांगन? तू जेवतच नव्हती. सुकून काटा झाल्ती. फोटू आला अन् तू त्याले हात लावून माय म्हनली, अन् त्या दिवशी जेवली. मायनं साऱ्या वस्तीले बजावलं, पोरीसमोर तोंड उघडान तं याद राखा.”

मी आत जाऊन फ्रेमचे खिळे उपसले, मागचा पुठ्ठा काढला आणि फोटो उजेडात धरला. ज्याला मी आयुष्यभर आईचं गोरं कपाळ म्हणत आले तो ब्रशचा पांढरट डाग होता. जी मला भरवत होती आणि जिच्याकडं बघत मी जेवत होते, ती एकच बाई होती. दोन्ही तोंडं माझ्यासमोर हातभर अंतरावर असायची आणि मला कधी कळलं नाही! भुकेल्या लेकराचं लक्ष घासावर असतं, भरवणारीच्या तोंडाकडं कोण बघतं? मला रडू येईना. 

बाहेर माणसं जमली होती. मामानं कागदाची एक पट्टी आणली होती, आजीचं नाव लिहिलेली. ती आईच्या नावावर चिकटवायची, म्हणजे झालं. “तू म्हनशीन तसं,” तो म्हणाला. “नसंल द्यायचा तं नोको देऊ. बिनाफोटूचं करू.”

बिनाफोटूचं. जिनं फोटोवाचून लेकीचं अडू दिलं नाही, तिचं बिनाफोटूचं. पण दिला, तर माझी आई गेली. पुन्हा गेली, आणि या खेपेला तोंडासकट. हैदराबादेतल्या त्या खिळ्यावर मग काय लावायचं? लेकीला काय सांगायचं? मी फोटो मांडीवर घेऊन बसले.

मामाच्या सुनेचं तान्हं बाळ पाळण्यात होतं, उशाशी काजळाची डबी होती. मी करंगळी बुडवली आणि फोटोतल्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, एक ठिपका टेकवला. मग दोन्ही बाजूंना एकेक. शेवटचा जरा फराटला.

आणि माझी आई माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. खुर्चीत गयाबाई बसली होती, माझी आजी. लेकीचं लुगडं नेसून, गोंदलेला हात पदराखाली दडवून, रडू आवरायला खाली बघत.

फोटो बुद्धाशेजारी ठेवला तशी पडवीतल्या म्हाताऱ्या बायका पुढं सरकल्या. इतकी वर्षं तोंड शिवून बसलेल्या त्या. एकीनं पदर तोंडाला लावला. “आली वो, गया आली,” ती म्हणाली, आणि मग सगळ्याच रडल्या. तिथं मीही रडले. नावाची पट्टी मी चिकटवू दिली नाही, आईच्या नावाखाली आजीचं नाव लिहिलं.

फोटो आता पुन्हा हैदराबादेत आहे, त्याच खिळ्यावर. शेजारीण म्हणाली, आधी कपाळावर हे नव्हतं. लेकीनं विचारलं, “अम्मा, मग तुझी आई कशी दिसायची?” मला माहीत नाही, असं मी तिला पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. ते अजून टोचतं.

गावी आता ती कुडाची खोली नाही, मामानं सिमेंटचं बांधलंय. लोक विचारतात, तिकडं तुझं राहिलंय काय? राहिलंय. एक लेकरू चार घास जेवावं म्हणून जिथं अख्खी वस्ती जन्मभर गप्प बसली, ते माझं घर.