फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं

आमच्या घरी भूक लागली की आई मिसरी लावायची. टाकवे बुद्रुकला आमची भाताची दोन खाचरं होती, आणि वडील एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल उचलायचे. एक दिवस त्यांच्या पायावर लोखंडी पेटी पडली. पाय राहिला, पण माल उचलणं संपलं. ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस घेतला. मग आई लोकांच्या खाचरात लावणीला, कापणीला जाऊ लागली. सकाळी असेल ती भाकरी वडिलांना आणि मला. तिच्या वाटणीला कोरा चहा, आणि चहावर मिसरी.

मिसरीचं पान ती बाजारातून आणायची. चुलीवर पत्रा ठेवून ते काळं होईस्तोवर भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं. त्या धुरानं सगळ्यांना ठसका लागायचा. मग ती पूड बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळत बसायचं. सकाळी एकदा, बांधावर एकदा, दुपारी जेवायच्या वेळेला जेवण नसलं तर पुन्हा एकदा. गावातल्या सगळ्या बायका लावायच्या. दात घासणं म्हणजे तेच.

मी अकरा वर्षांची असताना माझी दाढ दुखायला लागली. दवाखाना म्हणजे आईचा एक दिवस बुडणार. ती म्हणाली, “दुखतीया व्हय? लाव वाईच. गिळू नगं.” माझं डोकं गरगरलं, मी ओट्यावर बसून ओकले. पण दाढ थांबली, आणि तासाभरानं लक्षात आलं की भूकही लागलेली नाही. तेव्हापासून मी रोज लावायला लागले. शाळेत जायच्या आधी, आणि पुढं कॉलेजला जायच्या आधी.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. बी.कॉम., पहिला वर्ग. हे मी कुणी न विचारता सांगते, त्याची लाज वाटत नाही. कॉलेजच्या शिबिरात आम्ही एका गावात व्यसनमुक्तीची फेरी काढली होती. ‘तंबाखू सोडा’ असा फलक माझ्या हातात होता, कारण माझा आवाज मोठा. त्या दिवशी सकाळी शाळेच्या नळामागे उभी राहून मी मिसरी लावली होती, आणि त्यात काही खटकावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. मी लपून लावायचे हे खरं. पण लपवायचे ते गावंढळ दिसेल म्हणून.

पदवीनंतर कुसगावातल्या एका हॉटेलात लागले. काम फोनवर बुकिंग घ्यायचं. पावसाळ्यात भुशी धरणावर जाणाऱ्यांची झुंबड, रस्ता बंद, खोल्या भरलेल्या, आणि फोनवर ओरडणारी माणसं. मी सगळ्यांना शांत करायचे. मराठी, हिंदी, इंग्रजी. काही पाहुणे आल्यावर विचारायचे, त्या फोनवरच्या मॅडम कोण? मी आतल्या खोलीत असायचे. सहा वर्षं आतल्याच खोलीत होते.

रिसेप्शनवरची मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा मी मॅनेजरांना सरळ विचारलं की ती जागा मला का नको.

“आवाज तुमचा एक नंबर, मॅडम,” ते म्हणाले. “पण समोर उभं राहायचं म्हणजे चेहरा लागतो हो. ते ओठांचं बघा काहीतरी. आजकाल सगळं होतं.”

“बुकिंग ओठांनी घ्यायचंय का?”

“गेस्ट बघतात ना. मी कुठं काय म्हणतोय? दोन महिने जागा तशीच ठेवतो, बघा तुम्ही.”

माझे ओठ काळे होते. जांभळट काळे, कडेला आणखी गडद. लिपस्टिक लावली की दुपारपर्यंत तिचे चट्टे पडायचे. घरी जाऊन आरशात खूप वेळ बघत बसले. मला तो माणूस चुकीचा वाटत होता आणि ती जागाही हवी होती. दोन्ही एकाच वेळी. शेवटी जागेचं पारडं जड झालं.

लोणावळ्यात एक पार्लरवाली ताई ओठांना रंग भरून द्यायची. लिप टिंट. बारीक सुईनं कातडीत रंग टोचायचा, दोन-अडीच वर्षं टिकतो. तिनं माझे ओठ बोटानं ताणून पाहिले. “थेट गुलाबी टाकला तर राखाडी दिसेल. आधी नारंगी भरायचा, काळेपणा मारायचा. महिन्यानं वरून गुलाबी.”

मी फिलरचं विचारलं. ओठांत इंजेक्शन देऊन ते भरीव करतात, तळेगावात होतं असं ऐकलं होतं.

ती हसली. “तुमचे ओठ पातळ आहेत का? काळे आहेत. ते फुगवून काय, मोठे काळे करायचेत?”

मला हसू आलं, रागही आला. निघताना तिनं वहीत नाव लिहून तारीख दिली आणि विचारलं, “तंबाखू वगैरे नाही ना? रंग धरत नाही मग.”

“छे,” मी म्हणाले.

मी हिशोबाची विद्यार्थिनी. एकाच दुकानात विचारून वस्तू घेणं मला जमत नाही. सुट्टीच्या दिवशी तळेगावच्या कातडीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या माहिती सांगणाऱ्या मुलीनं बरोबर उलटं सांगितलं. फिलर भरलं की ओठांवर उजेड पडतो, काळेपणा कमी वाटतो. नको वाटलं तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं, सुईनं भरलेला रंग मात्र बिघडला तर लेसरनं काढावा लागतो. पण फिलर वर्षभरात उतरतं, पुन्हा भरायचं. मी पर्समधल्या कागदावर उभी रेघ मारली आणि दोन बाजू लिहिल्या. रंग टिकतो पण परत फिरता येत नाही. फिलरमध्ये परत फिरता येतं पण ते टिकत नाही. माझं मन रंगाकडे झुकत होतं.

तेवढ्यात तिनं फॉर्म दिला. ॲलर्जी, औषधं, आधीचे आजार. खाली होतं: तंबाखू किंवा धूम्रपान, हो किंवा नाही. मी चांगल्या अक्षरात ‘नाही’ लिहिलं.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी कापसाची पट्टी घेऊन माझा खालचा ओठ बाहेर उलटवला आणि तसाच धरून ठेवला.

“हे पांढरं किती दिवस आहे?”

“तोंड येतं मला. उष्णतेनं. तूप लावते.”

“दुखतं?”

“नाही.”

“किती दिवस?”

मी आठवू लागले. मागच्या लग्नसराईत आईनंच तूप लावायला सांगितलं होतं. “वर्ष झालं असेल.”

त्यांनी पट्टीनं तो डाग पुसून पाहिला. पुसला गेला नाही. तो आतून निघून ओठाच्या कडेपर्यंत आला होता. “तंबाखू खाता?”

“फॉर्मवर लिहिलंय की.”

“वाचलं. मिसरी लावता का?”

“मिसरी लावते मी. दात घासायला.”

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. मग चिडून नाही, अगदी साधेपणानं विचारलं, “मिसरी कशाची करतात?”

मी स्वतः शेकडो वेळा भाजली होती. पान कोणतं ते मला माहीत होतं, बाजारात ते मागताना काय म्हणतात तेही माहीत होतं. तरी तो शब्द तोंडातून बाहेर यायला वेळ लागला.

“तंबाखूची,” मी म्हणाले.

त्यांनी कधीपासून ते विचारलं, मग माझ्या समोर फॉर्मवरचं ‘नाही’ खोडलं आणि ‘हो, मिसरी, सतरा वर्षं’ असं लिहिलं. “या ओठाला आता रंगही नाही आणि फिलरही नाही. आधी तुकडा काढून तपासायचा. कडेपर्यंत आलेल्या डागावर रंग भरला असता, तर तो वाढताना दिसला नसता.” पार्लरवाल्या ताईनं दिलेली तारीख नऊ दिवसांवर होती.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“आगं, मिसरी म्हंजी काय तंबाकू हाय व्हय?” ती म्हणाली. “तंबाकू गडी खात्यात.”

“पान कशाचं असतं, आई?”

“पान आसंल. आपुन काय खातोय? थुकतोय की. तुज्या आज्जीनं जलमभर लावली, तिला कुटं काय झालं?”

“आजी कशानं गेली?”

“म्हातारपनानं.”

“शेवटी शेवटी काय होत होतं तिला?”

आईचा हात सुपात थांबला. “गिळवत न्हवतं तिला,” ती म्हणाली. “पानीबी न्हाई.” मग खाली मान घालून पुन्हा निवडायला लागली.

पुढं मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला आणि तपासणीचा कागद आला. कर्करोग नाही, पण पेशी बदलायला लागल्या आहेत, त्या वाटेला लागल्या आहेत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तेवढा भाग कापून काढायचा. त्यांनी सोबत आलेल्या आईलाही तोंड उघडायला सांगितलं. आईनं पदर तोंडावर धरला. “माजं काय बगायचं? तिचं बगा.” बराच वेळ समजावल्यावर तिनं तोंड उघडलं, तर दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. पण आत कापण्यासारखं काही सापडलं नाही. चाळीस वर्षं लावणारी आई, आणि डाग माझ्या तोंडात. परत येताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, “म्याच दिली व्हती तुला.” मी ‘नाही गं’ म्हणायला हवं होतं. मला म्हणवलं नाही.

कापल्यावर ओठाला टाके पडले. ते निघाले तरी खालचा ओठ वरच्याला नीट मिटत नव्हता. प, फ, ब, भ, म. एवढी पाच अक्षरं गेली. पाच अक्षरांत किती शब्द असतात ते मला तेव्हा कळलं. पुणे, पाऊस, बुकिंग, माफ करा. ‘भुशी’ म्हणायला गेले की ‘हुशी’ व्हायचं. कामावर हजर झाले त्याच दिवशी एक गेस्ट फोनवर म्हणाला, “मॅडम, जेवता जेवता बोलताय का? आधी जेवून घ्या.” मॅनेजरांनी ते ऐकलं. त्यांनी माझा फोन दुसरीला दिला आणि मला चादरी-टॉवेलांच्या खोलीत बसवलं. रिसेप्शनला नवी मुलगी आधीच आली होती. जे एक माझं होतं, तो आवाज, तोही आता धुलाईच्या गठ्ठ्यांत पडला.

मिसरी सोडणं मला वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही. डोकं ठणकायचं, जेवण जायचं नाही, साध्या गोष्टीवर डोळ्यांत पाणी यायचं. आईनंही माझ्याबरोबर सोडली होती. एक दिवस मी कामावरून लवकर आले तर ती घरामागं बोट तोंडात घालून बसलेली. मला बघून म्हणाली, “कोळसा हाय.” वास काही कोळशाचा नव्हता. घरात जाऊन चहा ठेवला, तिच्यासाठीही ठेवला. त्याच्यानंतर मला ती तशी कधी दिसली नाही.

चुलीपाशी बसून ती माझ्याकडून बोलायचा सराव करून घ्यायची. भाकरी थापता थापता शब्द टाकायची.

“म्हन, भाकर.”

“हाकर.”

“व्हट मीट आदी. मंग म्हन.”

“भ्हाकर.”

“हां. आता म्हन, भोपळा.”

तीन महिने असं चाललं. लिहिता-वाचता न येणारी आई, आणि बी.कॉम. झालेली मी, एकेक अक्षर गिरवत होतो. वडील खाटेवरून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, “फाटक, फाटक म्हनाया लाव तिला, ते आवघड हाय.” हसले की ओठ ताणून दुखायचा.

अक्षरं परत आली. ओठ मात्र एका बाजूनं बारीक राहिला आणि त्यावर एक पांढुरकी रेघ राहिली. पुढच्या तपासणीला मी तळेगावच्या डॉक्टरबाईंना विचारलं की आता तरी त्या बाजूला थोडं फिलर भरता येईल का, किंवा रेघेवर रंग. आता खरंच ओठ भरायची गरज होती. त्या म्हणाल्या, “मला तिथं वर्षानुवर्षं बघायचंय, बोटानं दाबून बघायचंय. रंगाखाली डाग दिसणार नाही, आणि फिलरची गाठ हाताला लागली तर ती कशाची ते कळणार नाही. उघडा राहू दे.” त्या हो म्हणाल्या असत्या तर मी दोन्हींतलं एक नक्की केलं असतं. खोटं कशाला लिहू?

मी ते हॉटेल सोडलं. लोणावळ्यात दुसरीकडे अर्ज केला, आतल्या खोलीसाठी नाही, समोरच्या जागेसाठी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्या ओठाकडे पाहून नजर वळवली. मी म्हणाले, “मिसरीनं डाग पडला होता, कापून काढलाय. बोलता येतं, ते तुम्ही ऐकताच आहात.” त्यांनी मला इंग्रजीत चार प्रश्न विचारले, हिंदीत दोन. मग कधीपासून येणार ते विचारलं.

आज मी तिथं रिसेप्शनला आहे. ओठांना रंगही भरला नाही आणि फिलरही घेतलं नाही. मिसरी सोडून तीन वर्षं झाली, आईचीही सुटली. दर सहा महिन्यांनी तपासणी होते. डाग परत आलेला नाही.