पडवीत झालेली मुलाखत

संगणक घरच्या घरी जोडता येतो, ही गोष्ट मला कुणी सांगायलाच नको होती.

मी श्रीवर्धनच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. घर दिवेआगरला, नारळ-सुपारीच्या वाडीत. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. (आम्ही म्हणजे माझी बायको सुनंदा. मी पाहुण्यांना समुद्र कुठल्या बाजूला आहे ते सांगतो.) आमची मुलगी केतकी ॲनिमेशनचा कोर्स करून घरी आली आणि तिनं मुंबईच्या एका स्टुडिओत, घरून करायच्या नोकरीसाठी अर्ज टाकला. अडचण एकच होती. स्टुडिओचं सॉफ्टवेअर एका ठरावीक सिस्टीमवरच चालायचं आणि ती सिस्टीम फक्त ती बनवणाऱ्या कंपनीच्या महागड्या संगणकांवर.

"विकत कशाला घ्यायचा? मी बनवतो," मी म्हणालो.

"बाबा, ती सिस्टीम दुसऱ्या मशीनवर टाकली तर कंपनीचा सपोर्ट नसतो."

"आमच्या लग्नाला तरी कुणाचा सपोर्ट होता? चाललाच ना संसार?"

"चालवला मी!" सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

मी पनवेलला जाऊन सुटे भाग घेतले आणि मदरबोर्ड मांडीवर घेऊन एसटीनं परतलो. (शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिठाई का?" मी हो म्हणालो. समजावण्यात माणगाव आलं असतं.) माझ्यासारख्या लोकांनी इंटरनेटवर ढीगभर माहिती लिहून ठेवलेली आहे. प्रत्येकजण शेवटी 'माझं चाललं!' एवढंच लिहितो, कसं चाललं ते लिहीत नाही. तरी महिनाभर डोकं घातल्यावर सिस्टीम सुरू झाली. पडदा उजळला. फक्त जांभळा उजळला.

"ग्राफिक्स कार्ड सिस्टीमला ओळखीचं नाही," मी म्हणालो. "होईल ओळख हळूहळू."

केतकीला नमुना म्हणून एक छोटी फिल्म पाठवायची होती आणि मुदत जवळ आली होती. ती बिचारी त्या जांभळ्या पडद्यावरच कामाला लागली. किनाऱ्यावरून पळणारा एक खेकडा केला, पाठवलाही. नंतर तो फोनवर पाहिला, तर खेकडा हिरवागार!

मग मी इरेला पेटलो. एका फाईलमध्ये फेरफार केला आणि रंग जागेवर आले. पण आवाज गेला. आवाज शोधता शोधता माऊस गेला. माऊस आला तेव्हा कीबोर्ड गेला. शेवटी दोघेही आले, पण मशीनला नवीन खोड लागली. जरा वेळ हात लावला नाही की ते झोपायचं, आणि एकदा झोपलं की काही केल्या उठायचं नाही! तेवढ्यात केतकीला स्टुडिओचा निरोप आला. शनिवारी दुपारी व्हिडिओवर मुलाखत होती.

झोपेवर मी उपाय काढला. माझ्या आईला संगणकाशेजारी बसवलं. उजव्या हातात जपमाळ, डाव्या हाताखाली माऊस.

"दर मण्याला जरासा हलवायचा, आई."

"नाव देवाचं घ्यायचं आणि हलवायचा उंदीर!" आई म्हणाली. पण नातीसाठी बसली.

आवाजाचा उपायही सापडला. पाहुण्यांना सकाळी भक्तिगीतं ऐकवायला आणलेला ब्लूटूथ स्पीकर मशीननं चक्क लगेच ओळखला. त्याच्यातच माईकही होता. मी तो टेबलावर ठेवून सगळं तपासलं आणि शनिवारी दुपारी छातीठोकपणे केतकीला म्हणालो, "बस!"

केतकी इस्त्रीचा कुर्ता घालून बसली. पडद्यावर एक चष्मेवाल्या मॅडम आल्या. ओठ हलले. आवाज मात्र आला नाही.

आवाज पडवीत आला होता.

झालं असं की पुण्याहून आलेलं एक कुटुंब पडवीत जेवायला बसणार होतं आणि सुनंदानं गाणी लावायला म्हणून स्पीकर नेहमीसारखा तिथं नेऊन चार्जिंगला लावला होता. तो पडवीतूनही मशीनशी इमानानं जोडलेला राहिला.

"हॅलो केतकी, आवाज येतोय?" स्पीकर खणखणीत बोलला.

पुण्याच्या काकांच्या ताटात उकडीचा मोदक होता. ते म्हणाले, "स्पष्ट येतोय! कोण बोलतंय?"

मॅडमना हे सगळं ऐकू जात होतं. केतकीचं मात्र अक्षरही पोचत नव्हतं. इकडे ती हात हलवून, हसून आपली ओळख करून देत होती. मॅडमच्या कपाळावर आठ्या चढत होत्या.

"तुमचा वीक पॉईंट काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"गोड!" काका म्हणाले. "डॉक्टरांनी बंद सांगितलंय. पण हा शेवटचा."

"सलग किती वेळ काम करू शकता?"

सुनंदाला वाटलं, काकांच्या घरचं कुणीतरी फोनवर चौकशी करतंय. "अहो, पहाटेपासून उभी आहे मी! आमच्या ह्यांना विचारा. म्हणजे नकाच विचारू, ते कॉम्प्युटरपाशी आहेत."

ते वाक्य मला आत ऐकू आलं आणि डोक्यात प्रकाश पडला. मी पडवीकडे धाव घेतली. स्पीकर उचलला, पण त्याची वायर सॉकेटमध्ये होती. ती ताणली गेली आणि तुपाच्या वाटीसकट काकांच्या मांडीवर आली.

"अरे, अरे! तूप!" काका किंचाळले.

"काय झालं ग बाई?" म्हणत आई माळ सोडून, माऊस सोडून पडवीत आली.

मी तुपानं माखलेला स्पीकर घेऊन खोलीत पोचलो तेव्हा पडदा काळा होता. मशीन झोपलं होतं.

केतकी तशीच काळ्या पडद्यासमोर बसली होती. तिचे डोळे भरले होते. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती उठली, फोन घेतला आणि वाडीच्या टोकाला धावली, कारण मोबाईलला रेंज तिथंच येते, घरात नुसतं वायफाय. नारळाखाली उभी राहून तिनं मॅडमना फोन लावला. मी जरा अंतरावर, स्पीकर पोटाशी धरून उभा राहिलो.

तिनं काही लपवलं नाही. काका, मोदक, आजी, सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडता रडता हसायला लागली. पलीकडून मॅडमच्या हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"त्या म्हणाल्या," केतकी फोन ठेवून म्हणाली, "तो हिरवा खेकडा ह्याच मशीनवर केलास का? मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग तू कुठंही काम करशील. आणि हिरवा रंग सगळ्यांना फार आवडला म्हणे."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" मी म्हणालो.

केतकीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी स्पीकर पुसायला घरात गेलो.

तिला नोकरी मिळाली. (काकांची पँटही धुऊन निघाली. डाग राहिला, पण ते दिवाळीत पुन्हा येणार आहेत.) स्टुडिओनं कुरिअरनं स्वतःचा संगणक पाठवला. खोकं आलं तेव्हा मी सहज, नुसतं वरचं नाव वाचायला म्हणून पुढे झालो, तर आई, बायको आणि मुलगी तिघी एकदम माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, तुम्ही हे घ्या," म्हणत केतकीनं आतलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक माझ्या हातात दिलं. "फोडत बसा."

मी खुर्चीत बसून सगळे फुगे शिस्तीत फोडायला घेतले. त्यातलेही बरेच फुटले नाहीत.