फायटरवरचा आळ

हुडकेश्वरच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी काचेची टाकी आहे. तिच्यातला निळा फायटर मासा असा देखणा, की त्याने शेपटी पसरली की ट्यूबलाइट लाजून मिणमिणते. मी त्याला पोटच्या पोरासारखा जपत होतो. अशात बायकोने त्याच टाकीत नखाएवढे लाल झिंगे आणून सोडले आणि मला बजावलं, "एक जरी कमी झाला ना, तर तुमचा हा गुंडा दुकानात वापस!"

शेजारचे काकाजी काचेला नाक लावून म्हणाले, "वहिनी, यायले फोडणी कवा देता?" बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की टाकीतलं पाणी कोमट झालं.

पुढे मात्र सगळं निवांत होतं. झिंगे शेवाळ चरायचे, फायटर वरून शेतावर नजर ठेवणाऱ्या मालगुजारासारखा फेऱ्या मारायचा. मग उन्हाळा तापला आणि झिंगे कमी होऊ लागले.

"खाल्ले त्यानं."

"काहून खाईन वं? पोट पाह्य त्याचं. माझ्यापेक्षा सपाट आहे."

"तुमच्यापेक्षा तर ढोलही सपाट आहे!"

फायटरची रवानगी लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत झाली. संध्याकाळी त्याला दुकानात वापस न्यायचं ठरलं. त्याने दाण्याला तोंड लावलं नाही. दुःखाने मलाही चारच पोळ्या गेल्या.

त्याच दुपारी कूलर गरम हवा फेकू लागला. पंप अडकला असेल म्हणून बायकोने गवताची जाळी काढली, आत वाकली आणि गप्पच झाली. आमच्या संसारात अशी शांतता मी प्रथमच ऐकली. मीही डोकावलो. कूलरच्या गार पाण्यात हरवलेले सगळे झिंगे, काश्मीरला आल्यासारखे!

टाकीतलं जुनं पाणी बायकोच नळीने बादलीत काढायची. उन्हाळ्यात पाणी वाया कसं घालवायचं, म्हणून ती बादली कूलरमध्ये. पाण्याबरोबर झिंगेही ओढले जात होते.

मी हसू असं दाबलं, की दोन बरगड्या सरकल्या. तिने चहाच्या गाळणीने एकेक झिंगा उचलून टाकीत सोडला. मग बरणी स्वतःच्या हाताने अलगद टाकीत कलती केली.

"पाहून काय राह्यले?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहे तो. दाणे आणा."

मी दाणे आणले. तोवर ती नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधत बसली होती.