वळचणीचा कप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईपाशी तर पुन्हा कधी विषयही काढला नाही — आणि आई त्या दुपारी तिथंच उभी होती. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि आता नाही, तर कधी?

मुंबईच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सॅम्युएल होता. केनियाचा. तिकडे तेव्हा इंग्रजांचंच राज्य. गोऱ्यांच्या हॉटेलात त्याच्या वडिलांना मागच्या खिडकीतून चहा मिळायचा, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. "तुम्ही त्यांना घालवलंत," म्हणायचा, "म्हणून इथंच शिकायला आलो." मला टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या पेल्यानं त्यानं मला पाणी पाजलं. आम्ही एका ताटात जेवत होतो — हे आधीच सांगून ठेवतो.

दिवाळीत त्याला घरी आणलं. डहाणूजवळ, मसोलीला आमची चिकूची वाडी. टांग्यातून उतरताच त्यानं झाडाचा एक चिकू हातात धरला. "हा बटाटा झाडाला कसा लागला?" मी आईला मराठीत सांगितलं, ती पदराआड हसली. सगळं बरं चाललं होतं.

ओटीवर काका होते, शेजारचे दोघं होते. काका झोपाळ्यावरून म्हणाले, "अरे, याला वारल्यांत तारप्याच्या सुरावर नाचायला उभा केला, तर मुकादम वाडीतला गडी समजून याचीसुद्धा हजेरी मांडेल!" सगळे हसले. मीही हसलो. सॅम्युएलही हसला — त्याला मराठी कुठं येत होतं?

चहा उकळला. आई दारात आली, हळूच विचारलं, "याला कुठल्या कपात देऊ रे?"

तिनं विचारलं होतं. ठरवलं नव्हतं.

आमच्या ओटीच्या वळचणीला एक कप खोचलेला असे. कान तुटलेला, निळ्या रेघेचा. वाडीतल्या गड्याचा — लखमाचा. लखमा वारली, तळासरीकडच्या पाड्यावरचा. त्यानं त्यातच प्यायचं, त्यानंच विसळायचा, त्यानंच पुन्हा खोचायचा. घरातल्या भांड्यांत तो कप कधी गेला नाही.

मी हात वर केला. कप काढला. आईच्या हातात दिला.

काका बघत होते म्हणून? हसणं अजून ओटीवर होतं म्हणून? — नको. काढला मी.

बाकी सगळ्यांना कपबशी. "माझाच वेगळा का?" सॅम्युएलनं विचारलं. आणि मी — किती पटकन — म्हणालो, "लांबून आलेल्या पाहुण्याचा कप आम्ही वेगळा ठेवतो. दुसरं कुणी तो ओठाला लावत नाही. विसळायचाही पाहुण्यानंच." तो उठला आणि त्यानं आईला दोन्ही हात जोडले.

चार दिवस तो त्यातच प्यायला. निघताना त्यानं तो मागून घेतला, सदऱ्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. मी दोन दिवस मागे राहिलो.

लखमा सणाला पाड्यावर गेला होता. परत आला, वळचण चाचपली. "बाय, माजा कोप कठं गेला?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "फुटला," मी म्हणालो. त्या दिवसापासून लखमाला करवंटीत चहा.

पुढं दीड वर्ष तो कप आमच्या खोलीत टेबलावर होता. मी गावाहून परतलो की सॅम्युएल मला त्यातच चहा द्यायचा — लांबून आलास म्हणून. मी प्यायचो. दर वेळी प्यायचो.

त्यांचा देश स्वतंत्र झाल्यावर त्याचं पत्र आलं. तो एका शाळेचा हेडमास्तर झाला होता. कप शाळेत फळीवर ठेवलाय, लांबच्या पाहुण्याला पहिला चहा त्यातच देतो, असं लिहिलं होतं. "मुलांना सांगतो, डहाणूची माणसं अशी." मी उत्तर दिलं नाही. पत्ता अजून कपाटात आहे.

लखमा थकलाय. तळासरीच्या बाजारात भेटतो. "बरा हाय ना, भाऊ?" तोच आधी विचारतो.

सॅम्युएलला मी एक पत्र देणं लागतो : तो कप पाहुण्याचा नव्हता, ज्याला आम्ही घरात घेत नव्हतो त्याचा होता. आणि लखमाला एवढंच सांगायचं राहिलंय, की त्याचा कप फुटला नव्हता.