कार्डावर नसलेली पेटी

अंबडच्या कारखान्यात मी प्लॅनिंगला होतो. कॉम्प्युटर यायचा होता; प्रत्येक रॅकला साठ्याचं कार्ड टांगलेलं असायचं. आमचे स्टोअरकीपर निफाडकडचे. कार्डाला हात लावण्याआधी बोटं पँटला पुसायचे. तरीही आलेल्या मालातली चार-दोन बेअरिंगं कार्डावर न चढवता मागच्या पेटीत दडवायचे. त्यावरून मी त्यांना मेमो दिला. पुढे माझाच अंदाज चुकून माल कमी पडला, की ते पेटी उघडायचे. "घ्या साहेब, लाइन थांबाया नको."

कारखाना बंद झाला त्या दिवशी त्यांनी पेटी आपणहून काढली, बोटं पुसली आणि सगळी बेअरिंगं कार्डावर चढवली.

"आता कोनासाठी ठिवू, साहेब?"

कार्ड आणि माल पहिल्यांदाच जुळले होते.