खाली

लग्न होऊन मी परराज्यात, बमरोलीला आले तेव्हा मला हिंदीतलं एक वाक्य धड येत नव्हतं. नवरा कापडाच्या कारखान्यात तळमजल्यावर मालाची लिफ्ट भरायचा. त्याच लिफ्टशेजारी साड्यांच्या घड्या घालायचं काम मला मिळणार होतं. तिथं सगळे हिंदीच बोलत, म्हणून त्यानं घरात माझी शाळा सुरू केली. मी भाकरी थापायची, तो दारात बसून वाक्यं म्हणायचा. "ज़रा हटिए." "फिर से बोलिए." मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून घ्यायची आणि चुकले की स्वतःवरच चिडायची.

पण सगळ्यात आधी त्यानं दोनच गोष्टी घोकून घेतल्या होत्या: "रुको" आणि "अंदर आदमी है."

कारण लिफ्टचं बटण वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. वरचा लिफ्टवाला बिहारकडचा होता. तो ओरडून विचारायचा, "अंदर कोई है?" खालून उत्तर गेलं की बटण दाबायचा. लिफ्टची जाळी मोडलेली होती, सुतळीनं बांधून ठेवलेली. ती उघडी असली तरी लिफ्ट चालायची. नवरा म्हणाला, "मी मधमा ऱ्हासू, माले ऐकू येत नही. तू जवाब दे." यंत्रांच्या आवाजात त्याला खरंच काही ऐकू येत नसे. त्या दिवसापासून मला त्या लिफ्टची भीती बसली, आणि त्याचा पाय आत पडला की माझे हात घडीवर थांबायचे.

न येणाऱ्या शब्दांची मला धास्ती होती. ते मी दहादा विचारून घेतले. जे शब्द आपलेच वाटले ते कोण विचारणार?

दोन महिन्यांत मी चांगली बोलायला लागले. जरा शेफारलेच म्हणा ना. घरात आम्ही अहिराणीत "खाले" म्हणतो. कारखान्यात मी शाळेच्या मराठी पुस्तकातलं शुद्ध "खाली" म्हणायची.

त्या दुपारी नवरा लिफ्टमध्ये कापडाचे तागे रचत होता. एक पाय आत, एक बाहेर. वरून आवाज आला, "भाभी, लिफ्ट खाली है क्या?"

लिफ्ट माझ्यासमोर, तळमजल्यावर उभी होती. मी न अडखळता, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, "हाँ, खाली है." आता तो आत कुणी आहे का ते विचारेल, म्हणून "अंदर आदमी है" हे पुढचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. ते विचारलंच गेलं नाही. लिफ्ट हलली.

नवऱ्याचं उजवं पाऊल घोट्यापासून गेलं.

मॅनेजरनं लिफ्टवाल्याला बोलावलं. तो रडत म्हणाला, "भाभी ने बोला, खाली है." मॅनेजर माझ्याकडे वळला. "तूने बोला?" मी हो म्हटलं. लिफ्ट खालीच तर होती, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मला हळूच सांगितलं की हिंदीत खाली म्हणजे रिकामी. लिफ्टवाला दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, नंतरही नाही. चूक त्याची नव्हती, हे मला त्याला सांगता आलं नाही.

आता माझी हिंदी फार चांगली आहे. कुठे शिकलात, असं लोक विचारतात तेव्हा मला विचारणाऱ्याचा राग येतो.

नवरा रागावला नाही, आजवर नाही. संध्याकाळी मी कामावरून आले की तो भिंतीला टेकून बसलेला असतो. शेजारच्या चटईवर हात ठेवून म्हणतो, "खाले बठ." मी बसते. त्या दुपारी माझ्या तोंडून हा घरचाच शब्द गेला असता, तर वरच्याला तो कळला नसता. त्यानं पुन्हा विचारलं असतं.