नंबर आल्यावर बसीन

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, माणसाला नावाने हाक मारत नसे. गाडीच्या नंबराने मारायची. शेलूबाजारला हायवेच्या कडेला आमचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर टीन, दोन बाकडी. समोर काळ्या-पिवळ्या जीपा भरायच्या. मी गिऱ्हाइकाला "या भाऊ" म्हणायचो. ती भांडी घासता घासता मान वर करायची आणि ओरडायची, "अवो, अठ्ठावन्न आला! त्याले बिनसाखरेचा द्या." अठ्ठावन्न म्हणजे माणूस. त्याला बायको होती, लेकरं होती, आईबापाने ठेवलेलं चांगलं नाव होतं. पण आमच्या हॉटेलात तो अठ्ठावन्नच.

शाळा तिने पाहिली नव्हती. मी दुसरीपर्यंत गेलो, तेवढाच माझा मोठेपणा. ती आकडे शिकली ते जीपांच्या पाट्यांवरून, जीपवाल्यांना विचारून विचारून. त्यामुळे तिला इंग्रजी आकडेच कळायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली की ती पार अडाणी. पौर्णिमा कधी आहे ते मला विचारायची, आणि मी बोट ठेवून दाखवलं की म्हणायची, "तुमचे आकडे वाकडेतिकडे हायेत. गाडीवरचे पाहा कसे सरळ उभे राह्यतात." मी चिडायचो. आता कोणी विचारत नाही, तर कॅलेंडर महिनोन्महिने एकाच पानावर असतं.

जीपवाल्यांमध्ये तिचा सगळ्यात लाडका चव्वेचाळीस. त्याने एकदा जीप विकली आणि दुसरी घेतली. जुनी जीप घेणारा माणूस चहाला आला, तर बुढी त्याला म्हणते, "ये रे चव्वेचाळीस, बस." खरा चव्वेचाळीस बाकड्यावरच बसला होता. तो म्हणाला, "काकू, म्या जीप इकली वं, नाव नाही इकलं!" बाकडी हसून पडायची बाकी राहिली. बुढी मात्र हसली नाही. विचारात पडली. मग म्हणाली, "बरं. त्याले नवीन चव्वेचाळीस म्हणू. तू जुना." तेव्हापासून तो जुना चव्वेचाळीस. त्याच्या नव्या जीपेवर दुसराच आकडा होता, तो तिने कधी तोंडात घेतला नाही.

आमचा एकच मुलगा, राहुल. त्याने पहिल्यांदा मोटरसायकल घेतली तेव्हा तिला नंबर आला बावीस सत्तावन्न. त्या नंबरात काही नाही. ना कोणाची जयंती, ना वाढदिवस, ना लोक ज्यासाठी मारामारी करतात तसला सारखा आकडा. पण बुढीला तो नंबर म्हणजे पोरगाच. वळणावर गाडी दिसली की ती चहा चढवायची. मी म्हणायचो, "एवढ्या दुरून तुले काय दिसते वं?" ती म्हणायची, "तुमाले मोटरसायकल दिसते. मले बावीस सत्तावन्न दिसते." आणि खरंच पोरगा गाडी लावून आत येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. उन्हाळ्यात येवो, पावसात येवो, त्याला आईच्या हातचा चहा कधी थांबून प्यावा लागला नाही.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि लोक हसायचेही. पण तिचा एक नेम होता, त्यावर हसलेलं तिला चालत नसे. बिननंबरच्या गाडीत ती बसायची नाही. लग्नाची असो, मयताची असो, फुकट असो. समोरून पाहायची, मागून पाहायची, पाटी दिसली की मग पाय आत.

याचं कारण मेडशी. ते तिचं माहेर. तिचा धाकटा भाऊ गौतम तिला गाडीत बसवून द्यायला फाट्यावर आला होता. तिची पिशवी त्याच्याच हातात होती. एक नवी कोरी पांढरी जीप आली आणि त्याला उडवून निघून गेली. बुढीने ओरडण्याच्या आधी काय केलं, तर मागची पाटी पाहिली. सवयच तशी. पाटीच्या जागी काही नव्हतं. नवी गाडी, नंबर यायचा होता. त्या काळी शोरूमवाले तशाच सोडून द्यायचे, आणि लोक महिना महिना तशाच फिरवायचे, ऐटीत. पोलिसाने विचारलं, "नंबर सांगा." ती म्हणाली, "असता तर सांगतला असता, साहेब. मले वाचता येते." पांढऱ्या जीपा काय कमी आहेत या मुलखात? कोणी सापडलं नाही, आणि कोणी शोधलंही नाही. गौतमची लेकरं बापाविना वाढली आणि ती जीप कुठेतरी नंबर लावून, नटूनथटून, भाडी मारत राहिली असेल. त्या फाट्यावर बुढी पुन्हा उतरली नाही. माहेरी जायची ती गावात पार आतपर्यंत जाणाऱ्या एसटीने. फाटा आला की डोळे मिटून घ्यायची.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. चार पावलं टाकली की दम. पाय सुजायचे. अकोल्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जपा." जपा म्हणजे काय करा, ते त्याने सांगितलं नाही. हॉटेल बंद केलं. ती खाटेवर आणि मी तिच्यासमोर. एक दिवस ती म्हणाली, "मले मेडशीच्या फाट्यावर उतरायचं आहे. एकदा. गौतम पडला तिथं दोन फुलं ठेवीन आणि वापस येईन." मी म्हटलं, "जीप सांगतो." ती म्हणाली, "जीपेत नाही. राहुल गाडी घेऊन राह्यला ना? त्याच्या गाडीत."

राहुलला नोकरी आहे. वाशिमच्या शोरूममध्ये त्याने पांढरी गाडी पसंत केली आणि एक दिवस आम्हा दोघांना दाखवायला नेलं. तिथे नंबराचं काम पाहणारा एक माणूस होता, चष्मा कपाळावर चढवलेला. बुढीने त्यालाच धरलं. "भाऊ, नंबर कोण देते?" तो बोलका निघाला. "आजी, पहिले आरटीओ ऑफिसात चकरा माराव्या लागत. आता इथूनच होते. आमी कागद कॉम्प्युटरमंधी टाकतो, टॅक्स भरतो, की मशीन नंबर फेकते. कोणता फेकन, ते ना माह्या हातात, ना मालकाच्या. मंग पाटी बनून येते, आमी ती गाडीले ठोकतो, तवाच गाडी गेटाबाहेर."

"आणि नंबराच्या आधी कोणी नेतो म्हटलं तं?"

"जमतच नाही. बिनपाटीची गाडी सोडली तं आमचं शोरूम बंद करतीन."

बुढीने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "लय उशीर केला रे बाबा तुमी." त्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, "नाही आजी, दोन-चार दिवसांत होते काम."

दोन-चार दिवसांत झालं असतं. तेच सांगतो आहे. पण आमचे चिरंजीव म्हणाले, "मले मशीनचा नंबर नको. बावीस सत्तावन्न पाहिजे."

त्या माणसाने कॉम्प्युटरात पाहिलं. "थो नंबर चालू सिरीजमंधी कवाचाच गेला. आता सिरीज संपत आली आहे. नवी उघडली की पसंतीचा अर्ज करा. महिना, दीड महिना धरून चाला. तवरोक गाडी इथंच उभी राहीन."

"राहू द्या," राहुल म्हणाला.

आवारात आमची गाडी उभी होती. चकचकीत, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. राहुलने दार उघडलं. "आई, बसून तं पाह्य." ती गाडीच्या पुढे गेली, वाकली, मागे गेली, वाकली. दोन्हीकडे काळी रिकामी जागा. ती म्हणाली, "कोरं कपाळ आहे हिचं. अशी सून कोणी घराबाहेर काढते काय?" राहुल म्हणाला, "बाहेर कुठं काढून राह्यलो? इथंच उभी आहे. नुसती बस." मीही म्हटलं, "बस ना वं, पाय दुखत असतीन." तिने दारावर हात ठेवला, सीट हाताने दाबून पाहिली, आणि हात काढून घेतला. "नंबर आल्यावर बसीन," म्हणाली. आणि शोरूमच्या पायरीवर जाऊन बसली, दम खात.

घरी येऊन मी पोराला सोडलं नाही. म्हटलं, "मायची हालत पाहून राह्यला ना तू? कोणताबी नंबर घे आणि गाडी आण. आकड्यात काय सोनं भरलं आहे?" तो म्हणाला, "बाबा, दुसरा नंबर तिले ओळखू येईन काय? वळणावर गाडी आली की तिले कळलं पाहिजे, पोरगा आला." मी म्हटलं, "मूर्खा, ती खाटेवर आहे. वळण कुठं दिसते तिले?" खाटेवरून आवाज आला, "लेकराले बोलू नका. माह्यासाठीच करून राह्यला तो." मग मला म्हणाली, "थांबीन मी. एवढी काय घाई आहे मले?"

घाई तिला नव्हती. दुखण्याला होती.

एका सकाळी तिला श्वास पुरेना. मी जुन्या चव्वेचाळीसला फोन केला. तो चहा अर्धा टाकून जीप घेऊन आला. आम्ही दोघांनी तिला उचललं, तर त्या हालतीतही मान वळवून तिने जीपेची पाटी पाहिली. चव्वेचाळीस रडतच म्हणाला, "आहे वं काकू, आहे नंबर. बस आता." राहुल वाशिमला ड्युटीवर होता, तो तिकडून परस्पर अकोल्याला निघाला. अकोल्याचा रस्ता आमच्याकडून जऊळक्यावरून, मालेगाववरून, मेडशीवरून जातो. जऊळक्याला ती बोलत होती. पाणी मागितलं. मालेगावनंतर माझ्या मांडीवर डोकं जड झालं. मेडशीचा फाटा आला तेव्हा मी तिला सांगितलं, "अवं, मेडशी आली. फाटा आला. पाह्य." चव्वेचाळीसने जीप हळू केली. तिने डोळे उघडले नाहीत. दरवेळी फाट्यावर ती डोळे मिटून घ्यायची, म्हणून मी आणखी थोडा वेळ स्वतःला फसवलं. अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं ते मला फाट्यावरच कळलं होतं.

गाडी आली ती बुढीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. नवी सिरीज उघडली होती, बावीस सत्तावन्न मिळाला होता. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा दावाही नव्हता. कोणाला पाहिजे होता तो? वंदना संपून लोक जेवायला बसत होते आणि राहुल गाडी घेऊन अंगणात आला. शोरूमवाल्यांनी पुढे झेंडूचा हार घातलेला, तो तसाच. घरात फोटोला हार, अंगणात गाडीला हार. लोक अर्धे इकडे पाहत होते, अर्धे तिकडे. कोणी म्हणालं, "नंबर चांगला भेटला, मोटरसायकलचाच आहे." मी ताटावरून उठलो आणि तो हार तोडून टाकला. राहुल पाटीसमोर उकिडवा बसला आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवत रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं पाहिजे होतं. नाही वाटलं. लोक म्हणतात, पोराने आईसाठीच केलं. माहीत आहे मला. म्हणूनच जास्त जळतं. वाईटासाठी केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

तो मला म्हणतो, "बाबा, चला, मेडशीले जाऊन येऊ. फुलं ठेवून येऊ." मी अजून त्या गाडीत बसलेलो नाही. ती ज्या सीटवर बसली नाही, त्या सीटवर मी कशाला बसू?

हॉटेलची जागा अजून आहे. टीन गंजलं, एक बाकडं उरलं. मी सकाळी तिथे जाऊन बसतो. जुना चव्वेचाळीस येतो, बसतो. त्याला आता कोणी त्या नावाने हाक मारत नाही. मी एकदा मारली, तर तो उठून जीपेकडे निघून गेला.

समोरून गाड्या जातात. मी पाट्या वाचतो. वाशिम जिल्ह्याची पाटी असली आणि गाडी नवी असली, की मान आपोआप वळते. त्या दिवशी शोरूममध्ये आम्ही "मशीन देईन तो द्या" म्हटलं असतं, तर मशीनने एक नंबर फेकला असता. तो वाया गेला नाही. आमच्या मागे उभ्या असलेल्या कोणाला तरी गेला. तो माणूस दोन-चार दिवसांत पाटी ठोकून, गाडी घेऊन घरी गेला असेल. त्याला काय माहीत तो नंबर कोणाचा होता. मलाही माहीत नाही. म्हणून मी सगळेच वाचतो. रोज या रस्त्यावरून तो नंबर जात असेल. तो आमच्या गाडीला लागला असता, तर तिच्यात बसून आमची बुढी मेडशीला जाऊन आली असती.